पेठेतल्या दुकानाचा दर्शनी भाग : नाव, माप आणि बँकेची फाइल

शटरच्या डाव्या पट्टीपासून उजव्या पट्टीपर्यंत टेप धरला की ११ फूट २ इंच. पायरीपासून शटरच्या पेटीपर्यंत ८ फूट, पेटी १५ इंच, तिच्यावर गंजलेल्या पाइपची चौकट आणि उन्हानं पांढरा पडलेला फ्लेक्स. त्याच्याही वर माळ्याची उघडी भिंत. सांगलीत हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ, कापड पेठ असं फिरलं तर निम्म्या दुकानांचं चित्र इंच-दोन इंचांच्या फरकानं हेच दिसेल. इथं लिहिलंय ते अशाच एका कापडाच्या दुकानाबद्दल. नवी पाटी, शटरच्या आत काचेचं दार आणि पायरी, एवढंच काम होतं. टेप गुंडाळायच्या आत पहिला प्रश्न येतो तो ठरलेला : “याला सरकारची काही स्कीम आहे का हो?”

चालू दुकानाची पाटी बदलायला अनुदान मिळत नाही, कर्ज मिळतं. अमेरिकेतल्या बऱ्याच गावांत बाजारपेठेतल्या दर्शनी भागाच्या खर्चाचा काही हिस्सा स्थानिक संस्था देते, तोही काम झाल्यावर पावत्या बघून. ते ऐकून इथं कुणी महापालिकेच्या चकरा मारू नयेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातलं अनुदान नव्यानं सुरू होणाऱ्या धंद्याला आहे, तीस वर्षं चाललेल्या कापडदुकानाला नाही. स्वनिधीचं कर्ज पथविक्रेत्यांचं. पहिलं कर्ज आधी १०,००० रुपयांचं होतं, आता १५,००० चं आहे. दुकानासमोर हातगाडी लावणाऱ्याला ते चालतं, गाळ्यातल्याला नाही. अण्णासाहेब पाटील महामंडळाकडून कर्जाचं व्याज परत मिळतं, पण तिथले पात्रतेचे निकष वेगळे आहेत आणि पात्रतेचं पत्र कर्ज मंजूर व्हायच्या आधी काढावं लागतं. कर्ज उचलून झाल्यावर चौकशीला येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. हप्ता थकला की व्याजाचा परतावाही अडकतो.

राहिली मुद्रा कर्जयोजना. २०१५ पासून ती चालू आहे आणि व्यापाराला मिळते. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तरुण फेडून झालेल्यांना आता २० लाखांपर्यंत मिळतं. नुसती पाटी असेल तर शिशुत भागतं. पाटी, काच, शटर, पायरी असं सगळं एकदम करायचं तर किशोर. तारण मागायचं नाही असा नियम आहे, पण तारण नसलं तरी कागद लागतातच, आणि फाइल अडते ती तिथंच.

एकच नाव

बँकेचा माणूस सगळ्यात आधी नावं जुळवतो. या दुकानाची चार नावं निघाली. गुमास्त्याच्या कागदावर ‘क्लॉथ सेंटर’, जीएसटीत ‘क्लॉथ स्टोअर्स’, चालू खात्यावर नुसतं मालकाचं नाव आणि जुन्या फ्लेक्सवर ‘वस्त्र भांडार’. मालकांच्या लेखी दुकान एकच. फाइल बघणाऱ्याच्या लेखी चार धंदे. पाटीवर जे नाव कायमचं राहणार ते आधी ठरवायचं आणि मग बाकीचे कागद त्याच्याकडे वळवायचे. उलट्या क्रमानं गेलं तर अक्षरं कापून तयार होतात आणि मग कळतं की खातं दुसऱ्याच नावानं आहे.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंद, फुकट आहे. आधार, पॅन आणि मोबाइल हाताशी असला तर अर्ध्या तासाचं काम. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना ती २ जुलै २०२१ पासून खुली झाली, तीही फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी. आपल्याला तेवढंच हवं असतं. धंद्याचा कोड निवडताना तागा-कापडाचं दुकान ४७५१ मध्ये आणि तयार कपड्यांचं ४७७१ मध्ये येतं. दोन्ही विकत असाल तर दोन्ही टाका. यासाठी हजार-पाचशे घेणारे चौकात बसलेले आहेत, त्यांच्याकडे जायचं कारण नाही. जीएसटीतलं व्यापारी नाव पोर्टलवरून दुरुस्त होतं, मात्र ते मंजूर होऊन यायला दिवस जातात, म्हणून सुरुवात तिथून करायची.

नावाबरोबर पाटीवर आणखी दोन गोष्टी येतात. दुकानाच्या प्रवेशाशी असलेल्या नामफलकावर जीएसटी क्रमांक लागतो. कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायच्या योजनेत, असाल तर तसं पाटीवर लिहावंही लागतं. क्रमांक पंधरा अक्षरांचा, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होणारा. त्याला पाटीच्या खालच्या कोपऱ्यात दीड इंचाची पट्टी आधीच राखून ठेवली नाही तर शेवटी कागदावर छापून काचेला चिकटवायची वेळ येते. दुसरी गोष्ट मराठीची. मार्च २०२२ पासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही देवनागरी नामफलक सक्तीचा आहे. मराठी नाव आधी यायला हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत.

इथं डिझायनर हमखास चुकतो. इंग्रजी कॅपिटल दहा इंचांचं घेतो, मराठी ओळही वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या शेपटापर्यंत दहा इंचांत बसवतो आणि म्हणतो, दोन्ही सारखी. शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजलं तर मराठी अक्षर साडेसहा इंचांच्या आसपासच भरतं. आम्ही माप शिरोरेषेपासून पायापर्यंत धरतो आणि मात्रांना वरखाली वेगळी जागा सोडतो. दहा इंची अक्षराला मात्रांसकट पंधरा इंच लागतात. दर दहा फूट अंतराला एक इंच अक्षर हा पाटीवाल्यांचा जुना हिशेब. पेठेतल्या रस्त्याच्या पलीकडून वाचायला चार-पाच इंचही पुरतात. दहा इंच लागतात ते चौकातून वळणाऱ्याला नाव दिसावं म्हणून.

फुकटची पाटी

कर्ज नको म्हणणाऱ्यांचा एक रस्ता असतो : कंपनीची पाटी. रंग, सिमेंट, मोबाइल, थंड पेयं, कपड्यांचे ब्रँड यांचे लोक पाटी फुकट करून देतात. यात वाईट काही नाही, बाजारातली अर्धी रोषणाई त्यावरच उभी आहे. पण आराखडा सही करण्याआधी बघावा. पाटीचा तीन चतुर्थांश भाग ब्रँडचा असतो आणि दुकानाचं नाव खालच्या पट्टीत चार इंचांत. मराठीच्या नियमाची जबाबदारी मात्र दुकानदाराची. वीज आपली, दुरुस्तीही आपली. एजन्सी सुटली की दुसऱ्या कंपनीचा माल विकत आपण पहिल्याच्या पाटीखाली बसलेलो असतो. शिवाय अशी पाटी महापालिका जाहिरात म्हणून धरू शकते, मग शुल्काचा प्रश्न येतो. घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : दुकानाच्या नावाला किमान अर्धी जागा, पाटी किती वर्षांची, आणि काढताना भिंत कोण भरून देणार.

पाटी स्वतःची असो वा कंपनीची, गच्चीच्या कठड्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभी केली की ती आकाशचिन्ह ठरते. महापालिका अधिनियमाच्या कलम २४४ खाली तिला आयुक्तांची लेखी परवानगी लागते. दर्शनी भिंतीला चिकटून, छताच्या रेषेखाली राहिलेलं बरं.

मालकाचं पत्र

पेठेतले बरेच गाळे भाड्याचे, त्यातले कितीतरी पागडीचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर ते गाळा खाली करून घ्यायचं कारण होऊ शकतं. दार, लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग अशा किरकोळ गोष्टी त्यात धरत नाहीत. पण भिंत फोडून लोखंड रोवणं, पायरी नव्यानं बांधणं याला तोंडी ‘करा की’ पुरत नाही. बँकही ना हरकत पत्र मागते, बहुधा ५०० च्या मुद्रांकावर. वाडा वारसांत वाटला गेला असेल तर घरपट्टीच्या पावतीवर एक नाव आणि मालमत्ता पत्रकावर पाच नावं असतात. एका भावाची सही आणली आणि पुण्यातल्या दुसऱ्यानं हरकत घेतली, असं होऊन फाइल महिनाभर पडून राहते. मालमत्ता पत्रकाचा उतारा पहिल्याच दिवशी काढा आणि त्यावर जेवढी नावं तेवढ्या सह्या घ्या.

पत्रात कामाची मापं लिहावीत : रुंदी ११ फूट २ इंच, पाटीची उंची साडेतीन फूट, भिंतीत बोल्ट किती. ‘दुकानाचे नूतनीकरण’ एवढंच लिहिलेल्या पत्रावर पुढं वाद होतात.

दरपत्रक

बँक कर्ज देते दरपत्रकावर. एकच आकडा लिहिलेलं कोटेशन परत येतं. चौकट, एसीपी (पाटीचं ॲल्युमिनियमचं शीट), अक्षरं, शटर, काच, वायरिंग, ग्रॅनाइट यांची परिमाणं, दर आणि रक्कम वेगवेगळी हवी, खाली कर आणि पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक. सगळ्यात महाग पडणारी चूक कराची. या कामाची बेरीज २ लाख ५४ हजार. त्यावर १८ टक्के कर ४५,७२० रुपये, म्हणजे एकूण २,९९,७२०. दरपत्रक कर सोडून दिलं असतं तर मंजुरी २ लाख ५४ हजारांच्या हिशेबानं झाली असती आणि वरचे पंचेचाळीस हजार खिशातून गेले असते. किशोरमध्ये साधारण २० टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते, इथं सुमारे ६० हजार. राहिलेल्या २ लाख ४० हजारांना ११ टक्के दर आणि पाच वर्षं धरली तर हप्ता ५,२२० च्या आसपास बसतो. महिन्याच्या उलाढालीत तो बसतो का हे मॅनेजरच्या आधी आपण बघावं.

बिलं दोन करून घ्या. पाटी, अक्षरं, दिवे यांचं एक, पायरी-बांधकामाचं दुसरं. स्थावर बांधकामावर भरलेल्या कराचं क्रेडिट (आपल्या जीएसटीतून वजावट) सहसा मिळत नाही, पाटीचं मिळू शकतं. एका बिलात सगळं घातलं की सीएला दोन्ही वेगळं करता येत नाही. कंपोझिशनवाल्याला क्रेडिटच नाही, त्यानं हा विचार सोडून द्यावा.

मापाचा एक नमुना देतो, कारण पैसे इथंच वाचतात. एसीपीचं शीट ८ फूट बाय ४ फूट. पाटी तीन फूट उंचीची हवी म्हटलं तर वरखाली तीन-तीन इंच वळवूनही सहा इंचांची पट्टी फुकट जाते, आणि तिचे पैसे आपणच भरतो. उंची साडेतीन फूट केली की वळणासकट बरोबर चार फूट, शीट पुरतं संपतं. रुंदीत ४४ इंचांचे तीन तुकडे आणि मध्ये दहा मिलिमीटरचे दोन सांधे. एका शीटमधून दोन तुकडे, दुसऱ्या अर्ध्यातून तिसरा, एकूण दीड शीट. मात्र सांधे ४४ आणि ८८ इंचांवर येतात, तेव्हा अक्षरांची मांडणी त्यांना चुकवून करायची. काळ्या सिलिकॉनची रेघ नावाच्या मधल्या अक्षरातून गेलेल्या पाट्या याच पेठेत मोजून दाखवता येतील.

शीट वळवायला मागच्या बाजूनं राउटरनं व्ही आकाराची खाच मारतात. दोन ॲल्युमिनियमचे पत्रे आणि मध्ये प्लास्टिकचा थर अशी ती रचना. खाच मागचा पत्रा आणि जवळजवळ सगळा गाभा कापत जाते, पुढच्या पत्र्याला शिवायचं नाही. पातीला चिकटून येणारा भुसा काळा दिसतो तोवर ठीक, चांदीसारखा चकाकायला लागला की पुढचा पत्रा खरवडला गेला. तसा तुकडा हातानं वळवताना काही वाटत नाही. दोन उन्हाळ्यांनंतर कडेला बारीक चीर पडते आणि पाणी आत शिरतं. खाच उथळ राहिली तर वळणावर फुगवटा येतो आणि रंग तडकतो. मिस्त्रीला पहिला तुकडा समोर वळवायला लावा, त्याला राग आला तरी चालेल.

भिंत, शटर, काच

नव्या इमारतीत दहा मिलिमीटरचा अँकर फास्टनर ठोकला की विषय संपतो. जुन्या वाड्याची भिंत म्हणजे आत भेंडे (मातीच्या कच्च्या विटा) आणि पांढरी माती, बाहेर सिमेंटचा इंचभर गिलावा. ड्रिल लावलं की आधी करकर आवाज येतो आणि मग बिट एकदम आत जाऊन पिवळट भुकटी सांडायला लागते. ती दिसली की अँकर थांबवा. तो त्या दिवशी घट्ट वाटतो आणि वळवाच्या पहिल्या वाऱ्यात पाटीसकट बाहेर येतो. तिथं बारा मिलिमीटरचे आरपार बोल्ट, आतून चार इंची चौकोनी लोखंडी पट्ट्या, किंवा चौकटीचे पाय खाली उतरवून वजन पायरीवर घ्यायचं. खर्च वाढतो, म्हणून दरपत्रकाआधी दोन ठिकाणी भोक मारून भिंत बघायची.

शटरच्या पेटीवरून पाटी ओढू नका. आपल्याकडे सर्रास ओढतात, कारण छान सपाट दिसतं. शटरची स्प्रिंग कधीतरी तुटतेच, आणि मग कारागीर एसीपी कापून आत शिरतो. पेटीसमोरचा पट्टा वेगळा, स्क्रूवर निघणारा ठेवायचा.

बारा मिलिमीटरची टफन काच भट्टीतून आल्यावर कापता येत नाही आणि भोकही पाडता येत नाही. ग्रॅनाइट बसण्याआधी माप दिलं की काच पाऊण इंच उंच होते, आणि ती मग कुणाच्याच कामाची राहत नाही. क्रम असा : पायरी, मग माप, मग ऑर्डर. आठ-दहा दिवस शटर पाडूनच काढायचे. बँकेला पूर्ण झालेलं काम लवकर दाखवायच्या घाईत हा क्रम उलटा होतो.

दिव्यांचा हिशेब सोपा आहे. या नावाला १.२ वॅटची ९६ एलईडी मॉड्यूल लागली, म्हणजे ११५ वॅट. त्याला १५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणारा डबा. बरोबर १२० चा लावला तर उन्हाळ्यात तापून वर्षाच्या आत जातो. लांब साखळीला एकाच टोकानं वीज दिली की शेवटची अक्षरं मंद दिसतात, दोन्ही टोकांनी द्यायची. रोज चार तास जळली तर महिन्याला १४ युनिट.

नदीचं माप

सांगलीत काम करताना कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळचं पाण्याचं माप विसरता येत नाही. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पेठा पाण्यात होत्या. म्हणून एसएमपीएस, टायमर, आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) सगळं पाटीच्या चौकटीत किंवा माळ्यावर, खाली फक्त स्विच. शोकेसच्या खालच्या भागाला एमडीएफ (लाकडाच्या लगद्याचा बोर्ड) नको, एका बुडीत फुगून जातं. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकचा) बोर्ड धुऊन वापरता येतो. काच टिकते, पण दार आपोआप मिटवणाऱ्या, जमिनीत बसवलेल्या फ्लोअर स्प्रिंगमध्ये गाळ जातो. तिचं झाकण निघेल असंच बसवून घ्या. पुरानंतर दुकानदारांना ५० हजारांपर्यंत मदत मिळाली ती पंचनाम्यावर. दर्शनी भागाचे तारखेसह फोटो आणि बिलांच्या प्रती घरी, नदीपासून लांब ठेवा.

कर्जाबरोबर बँक विमा उतरवते, तो बहुधा फक्त मालाचा. काच आणि चमकती पाटी हे दुकानाच्या विम्यात वेगळे भाग असतात, मागितल्याशिवाय घालत नाहीत. पॉलिसी हातात आली की पूर या शब्दासमोर काय लिहिलंय आणि पाटीची रक्कम धरली आहे का, एवढं बघून घ्यावं.

वेळेचं म्हणाल तर कापडवाल्यानं फाइल दसऱ्याआधी टाकावी आणि काम पौषात काढावं. लग्नं नसतात, गिऱ्हाईक कमी, नदी शांत. आपला हिस्सा पुरवठादाराला खात्यावरूनच द्यायचा आणि पावती बँकेत द्यायची. रोख दिलेले पैसे हिशेबात येत नाहीत. बाकीची रक्कम बँक थेट पुरवठादाराच्या खात्यात टाकते. मग एक दिवस बँकेचा माणूस मोबाइल घेऊन समोर उभा राहतो, पाटीचा फोटो काढतो आणि नाव फाइलशी ताडून बघतो. त्याआधी एसीपीवरची संरक्षक फिल्म काढलेली असावी. पाटी नवी दिसावी म्हणून ती तशीच ठेवणारे आहेत, पण दीड-दोन महिन्यांच्या उन्हात तिचा गोंद भाजून पत्र्यावर बसतो आणि नंतर नखानंही निघत नाही.